चीनच्या मध्य-शरद सणाला घरी माणसं बोलवायची आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शियामेन हे चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरचं, फूच्येन प्रांतातलं बंदर. जुन्या नकाशांत त्याचं नाव अमॉय असं सापडतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे सात वर्षं काढली आणि दरवर्षी भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येणाऱ्या या सणाला घरी माणसं जमवली. पहिल्या वर्षीचा बेत पार फसला. पुढचे सुधारले, ते बहुतेक शेजारच्या आजींच्या कृपेने. तिथल्या बोलीत आजीला ‘आमा’ म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना आमाच म्हणायचो. चीनमध्ये नव्याने गेलेली मराठी कुटुंबं आजही फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

हा सण नेमका कधी येतो?

चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला. त्यांचा महिनाही आपल्यासारखा अमावास्येपासून मोजला जातो आणि त्यांच्याकडेही अधिक महिना असतो, फक्त तो आपल्या अधिकाबरोबरच येईल असं नाही. त्यामुळे गंमत होते. 2024 मध्ये हा सण 17 सप्टेंबरला, आपल्या अनंत चतुर्दशीलाच होता. 2025 मध्ये चिनी पंचांगात सहावा महिना दोनदा आला आणि सण 6 ऑक्टोबरला गेला, थेट आपल्या कोजागरीवर. 2026 मध्ये तो 25 सप्टेंबरला आहे, म्हणजे पुन्हा विसर्जनाच्या दिवशी. 2027 मध्ये 15 सप्टेंबर.

2008 पासून चीनमध्ये या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. हाँगकाँगमध्ये सुट्टी दुसऱ्या दिवशी देतात, कारण रात्री जागून झालेलं असतं. हा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो.

म्हणजे ही त्यांची कोजागरीच ना?

सगळे असंच म्हणतात. मीही पहिल्या वर्षी असंच म्हणत होते. चंद्र तोच, गच्ची तीच, मुलं उशिरापर्यंत जागी तशीच. पण कोजागरीचा जीव जागण्यात आहे, ‘को जागर्ति’ विचारत लक्ष्मी फिरते म्हणून. या सणाचा जीव आहे गोल असण्यात. चंद्र गोल, सणाचा खास केक म्हणजे मूनकेक गोल, जेवणाचं टेबल गोल आणि घरातली माणसं त्याभोवती पूर्ण. या पूर्णपणाला त्यांचा शब्द आहे ‘थ्वान-युआन’. एखादा मुलगा दूर कुठे कारखान्यात अडकला तर आई त्याच्या नावाने एक तुकडा बाजूला ठेवते. हे कळलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, पुढचा तर नक्कीच.

कुणाला बोलवावं?

ज्यांना घरी जाता आलेलं नाही त्यांना.

माझी पहिली चूक हीच होती. इमारतीतल्या चार चिनी कुटुंबांना मी सणाच्या रात्री साडेआठला जेवायला बोलावलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड असा बेत. तीन घरांनी गोड शब्दांत नाही म्हटलं. चौथं घर आलं, पण घरी जेवून आलं आणि पुऱ्यांकडे कौतुकाने बघत बसलं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सहकाऱ्याला ‘आमच्याकडे या’ म्हणावं, तसला हा प्रकार, हे नंतर लक्षात आलं.

पुढच्या वर्षीपासून आम्ही त्या रात्री बोलवायचो ते दुसऱ्या प्रांतातून आलेल्या, रेल्वेचं तिकीट न मिळालेल्या सहकाऱ्यांना आणि वैद्यकीय शिकायला आलेल्या आपल्याकडच्या मुलांना. स्थानिक कुटुंबांना बोलवायचं असेल तर आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यातला शनिवार धरा. शियामेनमध्ये सणाचा फाशांचा खेळ (त्याबद्दल पुढे) आठवडेच्या आठवडे चालतो, तेव्हा तारीख चुकली असं कुणालाही वाटत नाही. किंवा सणाच्या रात्रीच पण जेवणानंतर, चहा आणि चंद्रासाठी बोलवा. मग शेजारी खुशीने येतात.

किती वाजता?

जेवायला असेल तर सहाला. साडेआठला जेवण म्हणजे त्यांच्या दृष्टीने उपासच. पाहुणे वेळेवर येतात, बऱ्याचदा दहा मिनिटं आधी, आणि जेवण आटोपलं की फार रेंगाळत नाहीत. त्याचा राग मानू नका. खेळ ठेवलात तर मात्र थांबतात.

घर कसं सजवावं?

थोडकं. सोनेरी ड्रॅगन आणि दाराला लाल पट्ट्या हे सगळं नववर्षाचं सामान. ते या सणाला लावणं म्हणजे गुढीपाडव्याला आकाशकंदील. सशाच्या आकाराचे दोन-तीन कागदी कंदील मुलांच्या हातात द्या, आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा. आकाशात सोडायच्या कंदिलांच्या नादी लागू नका. आगीच्या भीतीने बऱ्याच शहरांत त्यांना बंदी आहे.

सजावटीपेक्षा एक गोष्ट आदल्या रात्रीच बघून ठेवा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. तुमच्या घरातून पूर्व दिसते का? आमच्या बाल्कनीसमोर पंचवीस मजली इमारत होती, तिच्या डोक्यावरून चंद्र वर यायला नऊ वाजायचे. तेवढा वेळ माणसं गुंतवून ठेवायला काहीतरी हवं, हे गणित त्यातून आलं.

मूनकेक कोणते आणावेत?

मूनकेकच्या नावाखाली चीनभर इतक्या वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात की ‘मला मूनकेक आवडत नाही’ हे वाक्य ‘मला वडी आवडत नाही’ याइतकंच ढोबळ आहे.

बाहेरच्या जगाला माहीत असलेला तो दक्षिणेतल्या क्वांगतुंग प्रांताचा. वरून साच्यातली नक्षी, पातळ चकचकीत तपकिरी कवच, आत कमळबियांचं घट्ट सारण आणि मधोमध बदकाच्या अंड्याचा खारवलेला बलक. कापल्यावर तो बलक केशरी पूर्णचंद्रासारखा दिसतो, म्हणून तर तो असतो. सुचौकडचा मूनकेक पापुद्र्यांचा, आपल्या चिरोट्यासारखा. शांघायमध्ये आत डुकराचं मांस भरलेले गरमागरम मिळतात आणि त्यासाठी लोक रांगा लावतात. युन्नानमध्ये हॅम घालतात. पाच प्रकारच्या सुक्या मेव्याचा एक जुना प्रकार आहे, त्याला तिथली तरुण पिढी मनापासून नावं ठेवते. मला तोच आवडायचा. दिवाळीच्या फराळात शेवटपर्यंत उरणाऱ्या अनारशासारखं त्याचं नशीब आहे.

शियामेनला मिळणारा स्थानिक प्रकार म्हणजे सालं काढलेल्या मुगाचं गोड सारण भरलेली छोटी खुसखुशीत पेस्ट्री. पहिला घास घेतला आणि सासूबाईंच्या सांजोरीची आठवण झाली.

किती आणायचे? इथे आपल्याकडची सवय आडवी येते. मूनकेक माणशी एक असा वाढत नाहीत. क्वांगतुंगचा एक साधारण 180 ग्रॅमचा असतो आणि इतका गोड-तेलकट की तो एकट्याने संपवणं म्हणजे एक जेवणच. सुरीने त्याच्या सहा किंवा आठ सारख्या फाका करायच्या, घरात जेवढी माणसं तेवढ्या. मध्ये ठेवायचा आणि प्रत्येकाने एक उचलायची. वाटून खाणं हाच विधी आहे. दहा-बारा माणसांना चार वेगवेगळे मूनकेक भरपूर झाले.

महागड्या डब्यांच्या मोहात पडू नका. खोक्यात खोकं, त्यात रेशमी अस्तर असा हा प्रकार इतका वाढला की 2022 मध्ये सरकारने 500 युआनच्या वरच्या डब्यांवर खास नजर ठेवायला सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या बेकरीतले सुटे मूनकेक ताजे असतात आणि पाहुण्यांना तेही चालतात.

आमच्याकडे शाकाहारी पाहुणे आहेत. मूनकेक चालतो का?

सरसकट नाही. कवचात डुकराची चरबी असू शकते, विशेषतः पापुद्र्यांच्या प्रकारांत, आणि बलक तर दिसतोच. लाल घेवड्याचं किंवा कमळबियांचं ‘साधं’ सारण म्हटलं तरी कवच विचारून घ्या.

विचारायचा शब्द ‘सू’. सू म्हणजे बौद्ध मठांतलं शाकाहारी अन्न. त्यात मांस-मासे नाहीतच, पण कांदा-लसूणही नाही, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या आत्यालाही ते निर्धास्त देता येतं. शियामेनमध्ये असाल तर नान-फू-थुओ मंदिरात जा. तिथलं शाकाहारी उपाहारगृह प्रसिद्ध आहे आणि मंदिराचे सू केकही. आमच्या घरी दरवर्षी तेच यायचे आणि मांसाहारी पाहुणेही तेच आधी संपवायचे.

मूनकेक घरी करता येतील?

क्वांगतुंगचे करू नका. काकवीसारखा पाक, क्षाराचं पाणी, शेंगदाण्याचं तेल, सगळं जमलं तरी भाजल्यावर दोन-तीन दिवस ठेवावे लागतात, तेव्हा कुठे तेल सुटून कवच मऊ होतं. मी एकदा केले. ते कडबोळ्यांसारखे झाले.

न भाजता करायचे, ‘बर्फाच्या सालीचे’ मात्र सोपे आहेत. चिकट तांदळाचं आणि साध्या तांदळाचं पीठ, गव्हाचं सत्त्व, दूध, साखर, थोडं तेल एकत्र करून वाफवायचं, थंड उकडीसारखं मळायचं, सारण भरून साच्यात दाबायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. उकडीचे मोदक ज्यांच्या हातात बसलेत त्यांना यात शिकायचं काही नाही. मी आत हरभऱ्याच्या डाळीचं पुरण भरायचे, जायफळ जरा जास्त घालून. आमांनी पहिला घास खाल्ला, ‘हे आमचंच आहे’ म्हणाल्या आणि त्यावर चर्चा संपली.

जेवणाला काय काय करावं?

सगळं चिनी करायला जाऊ नका. पाहुण्यांच्या आईने ते जास्त चांगलं केलेलं असतं. त्या दिवसाला धरून चार वस्तू टेबलावर असल्या की पुरे, बाकी तुमचं घरचं.

दक्षिणेत या दिवशी अळकुड्या खातात, नुसत्या वाफवून साखरेत किंवा मिठात बुडवून. नाहीतर बदकाबरोबर शिजवून. यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात शिंगाडे उकडून ठेवतात. पपनस तर हवंच. अळकुड्या, शिंगाडे, पपनस ही यादी वाचून कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला आपल्याच भाद्रपदातल्या बाजारात उभं असल्यासारखं वाटेल.

आमच्याकडच्या पदार्थांत सगळ्यात गाजली ती अळूवडी. कंद वर्षानुवर्षं खाल्लेल्या माणसांना त्याची पानंही खातात याचं भारी नवल वाटलं. कोथिंबीर वडी, भरली वांगी (तिखट बेताचं), साधं वरण सूप म्हणून, हेही चालतं. पोळीपेक्षा भात बरा, आणि तो शेवटी आणा. भात आधी वाढला की ‘आता भाज्या संपल्या वाटतं’ असा अर्थ होतो. ताटं वेगळी लावू नका. सगळं मध्ये ठेवा आणि पदार्थांची संख्या सम असू द्या. ताटल्या रिकाम्या झाल्या तर यजमान कमी पडला असं समजतात, तेव्हा उरेल इतकं करा. हे आपल्याला शिकवायला नको.

मसाला दूध करणार असाल तर छोट्या पेल्यांत द्या. चिनी मोठ्या माणसांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही. केशराचं कौतुक करतील, दोन घोट घेतील, पेला खाली ठेवतील. दुसरा भरू नका.

पपनस कसं सोलायचं?

ते एक नाटकच आहे. शियामेनजवळचं पिंगहे हे पपनसांचं गाव, त्यामुळे सप्टेंबरात रस्तोरस्ती ढीग लागलेले असतात. आमा देठाकडून टोपीएवढा काप काढायच्या. मग सालीवरून उभ्या सहा चिरा, फक्त सालीत, आतल्या फळाला न लावता. एकेक पाकळी बोटांनी ओढून खाली वाकवली की कमळासारखं दिसतं आणि खोलीभर वास सुटतो. आतला गोळा उपटून घेतला की उरलेली साल जवळच्या लेकराच्या डोक्यावर उलटी बसवायची. याचे फोटो प्रत्येक घरी असतात. पपनसाचं चिनी नाव ‘यू’, आणि रक्षण करणं यासाठीचा शब्दही तसाच ऐकू येतो, म्हणून ती टोपी शुभ.

चहा की दारू?

दोन्ही. उत्तरेला आणि यांगत्सेच्या खोऱ्यात पारिजातकासारखा दरवळणाऱ्या क्वेइह्वा नावाच्या छोट्या फुलांची गोडसर दारू या सणाला पितात. पण मूनकेकचा तेलकटपणा कापायला चहाच लागतो, तोही दूध-साखर नसलेला. शियामेनला शेजारच्या अनशीचा थिए-क्वान-यिन.

चहाची एक बाब आपल्या संस्कारांच्या उलट आहे. कप काठोकाठ भरू नका. कप इवलासा असतो आणि दहा भागांतले सात भाग भरतात, काठोकाठ भरणं म्हणजे ‘प्या आणि निघा’ असं सुचवणं. पहिलं पाणी पानांवरून ओतून टाकून द्यायचं. कप रिकामा दिसला की न विचारता परत भरायचा. पाहुणा बोलता बोलता दोन बोटं टेबलावर टकटक वाजवेल. तो कंटाळलेला नाही, आभार मानतोय.

माणसं जमली, जेवली. पुढे काय? चंद्र बघत किती वेळ बसणार?

पाच मिनिटं. मग फोन बाहेर येतात. म्हणून पो-पिंग.

या एका खेळासाठी मी तुम्हाला बाकी सगळं माफ करीन. तो शियामेन आणि आसपासच्या भागातला. 17 व्या शतकात चेंग छंग-कुंग या सेनापतीच्या शिपायांना सणाला घरची आठवण येऊ नये म्हणून तो निघाला, अशी तिथली कथा. 2008 मध्ये त्याला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

सामान: सहा फासे, एक मोठा चिनी मातीचा वाडगा, 63 बक्षिसं.

वाडगा चिनी मातीचाच हवा. पहिल्यांदा आम्ही स्टीलचं पातेलं घेतलं. फासे पत्र्यावर आपटून उडाले, एक सोफ्याखाली गेला, आवाज असा की खालच्या मजल्यावरून फोन आला. भिंतीपलीकडून आमांनी तो आवाज ओळखला. दार उघडून आत आल्या, पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं आणि परत जाऊन निळ्या माशांची नक्षी असलेला, काठाला टवका गेलेला वाडगा घेऊन आल्या. त्यात फासे पडले की कणीदार, गोल घुमणारा खणखणाट होतो. सणाच्या दिवसांत शियामेनच्या कुठल्याही गल्लीत खिडक्यांतून तोच ऐकू येतो.

बक्षिसांना जुन्या राजदरबारी परीक्षेच्या पदव्यांची नावं आहेत. 1905 मध्ये बंद झालेल्या त्या परीक्षेत देशात पहिला येणारा तो ‘च्वांग-युआन’. आपल्याकडे यूपीएससीत पहिला आलेल्याच्या गावात जी मिरवणूक निघते, ती डोळ्यांपुढे आणा. पदव्या खालून वर अशा:

एक चौका पडला: सगळ्यात धाकटी पदवी, 32 बक्षिसं.
दोन चौके: 16.
चौका सोडून कोणताही आकडा चार फाशांवर: 8.
तीन चौके: 4.
एक ते सहा सगळे आकडे एकेकदा: 2.
चार चौके किंवा त्याहून भारी: च्वांग-युआन, फक्त 1.

बेरीज 63. पाच किंवा सहा फाशांवर एकच आकडा आला तरी तो च्वांग-युआनच. चार चौके आणि दोन एक्के असे पडले तर त्याला ‘फुलं खोवलेला च्वांग-युआन’ म्हणतात. मग आरडाओरडा होतो, फोटो निघतात, शेजारी येतात. सहा फाशांची गणितं मांडली तर 3,110 फेकींत एकदा येणारा हा योग. सात वर्षांत आमच्या टेबलावर तो एकदाही पडला नाही.

चिनी फाशांवर एक्का आणि चौका लाल असतात, बाकीचे ठिपके काळे. आणि बघा, चार म्हणजे ‘स’, जो उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो म्हणून लिफ्टमधून चौथा मजला गायब करणारी हीच माणसं या एका रात्री ‘चौका! चौका!’ म्हणून ओरडत असतात.

वाडगा फिरतो, प्रत्येकाची एक फेक. एकही फासा बाहेर उडाला की ती फेक बाद, काही घरांत पुढचीही. एखाद्या पदवीची बक्षिसं संपली की तो आकडा पडूनही हात रिकामे. आणि खरी मजा पुढे आहे. च्वांग-युआन कुणाला मिळाला तरी शेवटपर्यंत तो त्याचा नाही. त्याहून भारी फेक पडली की बक्षीस दुसऱ्याकडे जातं, आणि बाकीची सगळी बक्षिसं संपेपर्यंत हा पाठलाग चालतो. च्वांग-युआनची फेक सरासरी 83 फेकींत एकदा पडते, आणि चार सारख्यांची आठ बक्षिसं संपायलाच जवळपास 200 फेकी लागतात. दहा माणसांत पाऊण-एक तास. तोवर चंद्र समोरच्या इमारतीवर आलेला असतो.

भारी फेकींत कोण मोठं यावर घराघरांत नियम वेगळे. वाद होण्याआधी ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

बक्षिसं काय ठेवायची? पूर्वी 63 केकच असत, मोठ्यापासून चिमुकल्यापर्यंत. हल्ली घरगुती वस्तू: खाली टिश्यूची पाकिटं, साबण, टूथपेस्ट, मध्ये टॉवेल, तेलाची बाटली, वर एखादा राइस कुकर. पैसे लावू नका, पैसे आले की मजा जाते. आमच्याकडे मधल्या फळीत चितळ्यांची बाकरवडी असायची आणि तिच्यासाठी लोक चक्क टॉवेल बदलून घ्यायचे.

पाहुणे काय आणतील? आपण त्यांच्याकडे जाताना काय न्यावं?

ते मूनकेकचा डबा किंवा फळं आणतील. दोन्ही हातांनी घ्या, ‘कशाला, कशाला’ एवढं म्हणा (हे नाटक आपल्यालाही येतं) आणि त्यांच्यासमोर उघडू नका. रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, निघताना काहीतरी त्यांच्या पिशवीत गेलं पाहिजे.

नेऊ नये असं: घड्याळ, कारण ‘घड्याळ भेट देणं’ हे शब्द ऐकायला अंत्यसंस्काराला जाण्यासारखे लागतात. छत्री, कारण तिच्या उच्चारात पांगणं आहे. आणि या सणाला विशेष करून पेअर कापून वाटायचं नाही. पेअर वाटणं आणि ताटातूट होणं यांचा उच्चार एकच, ‘फन-ली’. घरातली माणसं जमण्याच्या सणाला मी पहिल्या वर्षी पेअरच्या सुबक फोडी प्रत्येकासमोर ठेवल्या होत्या. त्या आलेल्या एकमेव कुटुंबाने पुऱ्यांसारखंच त्यांच्याकडेही नुसतं बघितलं.

पूजा करायची का?

जुन्या घरांत उघड्यावर टेबल मांडून त्यावर मूनकेक, पपनस, फळं आणि उदबत्त्या चंद्रासमोर ठेवतात. पूर्वी म्हण होती की पुरुषांनी चंद्राची पूजा करू नये आणि बायकांनी चुलीच्या देवाची, त्यामुळे ही पूजा घरातल्या बायकांची. आता शहरांत बरीच घरं करत नाहीत. पाहुणे करत असतील तर शेजारी उभं राहा, नसतील तर आपण होऊन देखावा मांडू नका.

मुलांना कोणती गोष्ट सांगावी?

‘छांग-अ’ हिची. आकाशात दहा सूर्य तापले होते, तिच्या नवऱ्याने बाणांनी नऊ पाडले, त्याला अमरत्वाचं औषध मिळालं आणि ते तिने प्यायलं. का प्यायलं, याची कारणं सांगणाऱ्यागणिक बदलतात. ती तरंगत चंद्रावर गेली. तिथे तिच्या सोबतीला औषध कुटणारा ससा आहे. चंद्रावर ससा पाहणाऱ्या आपल्या मुलांना, ‘शशांक’ म्हणजे काय हे एकदा सांगितलंत की त्यांना हे लगेच पटतं. चीनच्या चांद्रमोहिमांचं नावही ‘छांग-अ’ आहे आणि 2013 मध्ये चंद्रावर उतरलेल्या गाडीचं नाव त्या सशाचं.

मूनकेक उरले तर?

उरतातच. घट्ट डब्यात, फ्रीजरमध्ये. सकाळी पातळ काप करून तव्यावर कोरडे भाजले की चहाबरोबर छान लागतात. न उघडलेला डबा दुसऱ्याला देणं अगदी रूढ आहे. आम्ही दिलेला एक डबा तीन घरं फिरून आठव्या दिवशी आमच्याच दारात आला होता. झाकणावर मुलीने पेनाने काढलेला बारका ससा तसाच.

पाऊस आला आणि चंद्र दिसलाच नाही तर?

फूच्येनच्या किनाऱ्यावर हा वादळांचाच मोसम. तिथे म्हण आहे, पंधराव्याचा चंद्र सोळाव्याला गोल, तेव्हा एक दिवस पुढे ढकलता येतं. पण बहुतेक लोक ढकलत नाहीत.

2016 मध्ये सण 15 सप्टेंबरला होता आणि त्याच दिवशी पहाटे तीनच्या सुमारास मेरांती हे वादळ थेट शियामेनला धडकलं. रात्रभर खिडक्या धरून बसलो. सकाळी रस्त्यावर झाडांचा खच, वीज नाही, नळाला पाणी नाही, लिफ्ट बंद. पाहुणे कुठून येणार? संध्याकाळी दारावर थाप पडली. आमा होत्या, काखेत तोच वाडगा. मजल्यावरची चारही घरं आमच्या खोलीत जमली. टॉर्च छताकडे तोंड करून उभा केला. 63 बक्षिसं कुठून आणायची, म्हणून ज्याच्या घरात जे होतं ते आलं: मेणबत्त्या, सेल, बिस्किटांचे पुडे, काडेपेट्या. च्वांग-युआनसाठी काय ठेवायचं यावर जरा वेळ खल झाला आणि मग समोरच्या घरातल्यांनी पाच लिटर पाण्याचा न उघडलेला कॅन आणून टेबलाच्या मधोमध ठेवला. तो पाच वेळा हात बदलून शेवटी आमांकडे गेला. वाडगा घेऊन त्या घरी निघाल्या आणि कॅन आमच्या ओट्यावर ठेवून, ‘सकाळच्या चहाला येते’ म्हणाल्या.